ठोक्यावर ठोका

"जुलैमधल्या त्या सेकंदाचं तुम्ही काय केलंत?" मानसिंगनं विचारलं आणि मी "केलं की" म्हणालो. झालं ते एवढंच. त्यानं मान वर केली नाही. पंचिंगच्या यंत्रावर त्याचं बोट पडलं, खट् आवाज झाला आणि पिवळट कार्डाच्या चौतिसाव्या रकान्यात एक भोक पडलं. ते कार्ड त्यानं उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटून भोकातून खिडकीबाहेर पाहिलं आणि गठ्ठ्यावर ठेवून दिलं. सकाळचे अकरा वाजले होते, खाली रस्त्यावरून हळदीची पोती लादलेल्या गाड्या चालल्या होत्या, आणि तो कोणत्या सेकंदाबद्दल बोलतोय हे मला अजून कळलेलंही नव्हतं. हंगामी माणसाचं तोंड असंच असतं. ऑफिसात कुणी काही विचारलं की ते आधी हो म्हणून मोकळं होतं, कान मागाहून ऐकतात. त्यात मी त्या दिवशी कायम व्हायला आलो होतो. सहा वर्षं मेढ्याच्या डोंगरावर भूकंपाच्या नोंदी घेतल्यावर सरकारला माझी आठवण झाली होती, आणि मी मिरजेत अब्बांकडे एक रात्र काढून, इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेच्या अर्धा तास आधी सांगलीच्या त्या ऑफिसात हजर झालो होतो. अशा माणसाला कुणी, काल तुम्ही चंद्रावर जाऊन आलात ना, असं विचारलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

मग मी, सहज विचारतोय असं दाखवत, "बाकीच्या केंद्रांचं काय?" म्हणालो. "सगळ्यांचं झालंय, तुमचंच विचारायचं राहिलं होतं," मानसिंग म्हणाला. तो तासगावकडचा, चाळिशीकडे झुकलेला, शांत माणूस. कार्डांची खोली त्याच्या ताब्यात होती आणि कुणी काही विचारलं की त्याला समजावून सांगायला आवडायचं. "काय असतं साहेब, पृथ्वी काही घड्याळासारखी शिस्तीत फिरत नाही. थोडी मागं रेंगाळते. म्हणून ठरलं, घड्याळंच एक सेकंद थांबवायची. एक जुलैला, आपल्याकडं पहाटेचे साडेपाच वाजायच्या बेताला, एकोणसाठाव्या सेकंदानंतर साठावा सेकंद घेतला आणि मगच साडेपाच वाजवले. सगळ्या जगात. माणसाला हे सांगितलं तर समजतं. मशीनला नाही समजत. मशीनला एकोणसाठनंतर शून्य एवढंच ठाऊक. कार्डावर साठ छापून पाठवलं तर पुण्याचं मशीन ते कार्ड बाहेर टाकतं, म्हणतं असा सेकंदच नसतो." मग पुण्याच्या लोकांनी त्या पहाटे मशीनचं घड्याळच बंद केलं होतं. एक माणूस रेडिओ कानाशी धरून आणि स्विचवर बोट ठेवून बसला, त्यानं एक सेकंद जाऊ दिला आणि पुन्हा चालू केलं. आणि आमच्यासारख्या डोंगरावरच्या केंद्रांसाठी हा चौतिसावा रकाना. ज्यानं आपलं घड्याळ सेकंदभर थांबवलं त्याच्या कार्डाला भोक, ज्यानं नाही थांबवलं त्याचा रकाना कोरा. कोरा दिसला की मशीन त्या केंद्राच्या वेळेतून आपणहून एक सेकंद वजा करतं. "म्हणजे नसेल केलं तरी बिघडत नाही?" मी विचारलं. "काही बिघडत नाही. खरं काय ते कळलं की झालं," मानसिंग म्हणाला आणि त्यानं दुसरं कार्ड यंत्रात सरकवलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. वाक्य छोटं होतं, मानसिंग काही ओरडणारा माणूस नव्हता, आणि ते कार्ड गठ्ठ्याच्या सर्वांत वर होतं. पण मी गठ्ठ्याच्या कडा सरळ करत बसलो. मी काहीही थांबवलं नव्हतं. एक जुलैच्या सकाळी नऊ वाजता मी रोजच्यासारखा केंद्राच्या खोलीत उभा होतो. एका कानाला रेडिओ, त्यात दिल्लीहून येणारे सेकंदाचे ठोके. दुसऱ्या कानाला आमचं घड्याळ. तेही दर सेकंदाला टक् करतं आणि काजळी धरलेल्या कागदावर एक बारीक खूण उठवतं. डोळे मिटायचे आणि ठोक्यावर ठोका बसतो का ते ऐकायचं. नसेल बसत तर किती मागं किंवा पुढं ते वहीत लिहायचं. शतांश सेकंदापर्यंत मला नुसत्या कानानं सांगता येतं. ऑफिसचे मुख्य लोखंडे साहेब, त्यांनी एकदा यंत्र लावून पडताळा घेतला होता आणि मग यंत्र पेटीत घालून परत नेलं होतं. बाकीच्या केंद्रांवरचे लोक साध्या कानाचे. ते मिनिटाच्या लांब ठोक्याची वाट बघत काट्याकडे टक लावून बसतात, बोटं मोडत साठपर्यंत मोजतात आणि काहीतरी ढोबळ लिहून मोकळे होतात. त्यांना तो जादा सेकंद सापडला, न सापडून जातो कुठं. मी मोजत नसे. पहिल्या वर्षी मोजायचो, मग मोजायची लाज वाटायला लागली. मधलेच कुठलेतरी दहा ठोके ऐकायचे आणि रेडिओ बंद. घड्याळ सरकलंच तर शतांशानं सरकणार, अख्खा सेकंद कुठं जातो? त्या सकाळी ठोके इतके चोख जुळले होते की मी शून्य पूर्णांक शून्य दोन असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. जुळणारच. बरोबर एका सेकंदानं चुकलेलं घड्याळ ठोक्याला ठोका देतच राहणार. सा लागला म्हणून मी खूश झालो होतो, तो खालचा की वरचा हे पाहिलंच नव्हतं.

कागद आला नव्हता असंही नाही. तो मला आता अगदी टाचणीसकट आठवत होता. जूनमध्ये दोन परिपत्रकं एकत्र आली होती. वरचं सायकल भत्त्याचं, ते मी दोनदा वाचलं. खालचं इंग्रजी, एक पानभर, त्यावर मी 'पाहिले' असं लिहून सही केली आणि फाईलला लावलं. सगळं खातं असंच करतं, पण सगळ्या खात्याचा कान माझ्यासारखा नसतो ना. अब्बा मिरजेत तंबोरे करतात. अब्बांची, म्हणजे शमशेरभाईंची, घोडी घासून सूर उघडायची जवारी म्हटलं की धारवाडपर्यंतचे गवई मान डोलावतात, आणि माझं सगळं लहानपण त्यांच्या पाटाशेजारी, घोडीवर कानस फिरताना सूर कधी उघडतो ते ऐकण्यात गेलेलं. मला हातकौशल्य नव्हतं. लाकूड माझ्या हातात फुटायचं. भावाला दुकान मिळालं आणि मला नुसता कान मिळाला, तो घेऊन मी सरकारी डोंगरावर जाऊन बसलो. आदल्याच रात्री अब्बा एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "हा आमचा मोहिद्दीन. सरकार याच्या कानावर घड्याळ लावतं." मी तोंडदेखलं "काहीतरीच अब्बा" म्हणालो होतो. पण मनातून मला ते खरंच वाटत होतं, सहा वर्षं वाटत होतं. म्हणून सांगतो, मला त्या खोलीत जी भीती वाटली ती नोकरीची होतीच, पण कानाची जास्त होती.

"समजा एखाद्यानं चुकीचं सांगितलं," मी मानसिंगला म्हणालो, "तर मशीनला कळेल?" त्यानं थोडा विचार केला. "आपली केंद्रं चारच. आणि मशीनला शोधायच्या गोष्टीही चार. धक्का पूर्व-पश्चिम कुठं, उत्तर-दक्षिण कुठं, किती खोल आणि किती वाजता. चाराला चार. मग ते काय करणार, जे दिलंय त्याच्याशी जुळेल असं उत्तर काढणार आणि चूक शून्य म्हणून छापणार. पाचवं केंद्र असतं तर चूक बोंबलली असती." तो हसला. मीही हसलो, कारण तो हसला होता. म्हणजे जगात फक्त मला माहीत होतं. हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही. मग लोखंडे साहेबांनी आत बोलावलं. साहेबांच्या पुढ्यात माझी वही उघडी होती. "मोत्यासारखं अक्षर आहे आणि कुठं खाडाखोड नाही," ते म्हणाले, "उद्या तुमची ऑर्डर काढतो. आज पाचच्या गाडीनं कार्डं पुण्याला जातायत, आठवड्यात कलेक्टरांना शेवटचा रिपोर्ट जाईल, आणि त्या जांभूळमुऱ्याच्या लोकांचा प्रश्न एकदाचा मिटेल." मी मान हलवली, आभार मानले आणि बाहेर आलो. साडेबाराची सातारा एसटी लागलेली होती.

जांभूळमुऱ्याच्या लोकांचा प्रश्न म्हणजे काय ते मला ऑफिसपेक्षा चांगलं ठाऊक होतं. ऑगस्टात, नारळी पौर्णिमेच्या सुमारास, आमच्या डोंगरात मोठा धक्का बसला होता. आमचं केंद्र ज्या कड्यावर आहे त्याच्या पायथ्याला देवकाठी, साठ घरं, तीनशे माणसं. तिथून पुढं सहा किलोमीटरवर वर सड्यावर जांभूळमुरा, बावीस घरं. धक्क्यानंतर देवकाठीची माणसं भर पावसात ताडपत्र्या लावून शेतात निजायला लागली. पोरं आजारी पडली. ती माणसं मला सांगत होती की धक्का पायाखालूनच आला, चुलीवरची भांडी वर उडाली, आणि मी त्यांना सांगत होतो की घाबरलेल्या माणसाला तसंच वाटतं. मग सप्टेंबरात पुण्याचा पहिला आकडा आला, सगळ्यांनी घड्याळ थांबवलंय असं धरून काढलेला: धक्क्याचं मूळ जांभूळमुऱ्याखाली. तो कागद मी स्वतः देवकाठीच्या मारुतीपुढं वाचून दाखवला. घरात निजा म्हणालो. त्यांनी मला पायलीभर तांदूळ दिला, मी तो घेतला. पुढं सरकारनं ठरवलं की जांभूळमुरा उठवायचा आणि ती बावीस घरं देवकाठीच्या माळावर आणून बसवायची, कारण देवकाठी सुरक्षित. आता एसटीच्या खिडकीशी बसून मी तो हिशेब उलटा करत होतो आणि तो करायला मला कागद लागत नव्हता. माझं घड्याळ सेकंदभर पुढं, म्हणजे माझ्याकडं धक्का सेकंदभर उशिरा आला असं दिसलं, म्हणजे तो होता त्याहून लांबून आला असं मशीनला वाटलं. खडकातून धक्का सेकंदाला सहा किलोमीटर जातो. सहा किलोमीटर अलीकडं या, तर देवकाठी. त्यांच्या पायाखालून.

पेठ नाक्याला चहासाठी गाडी थांबली. मी उतरलो नाही. माझ्या डोक्यात एक फार शहाणा विचार आला होता आणि तो सांडेल अशी भीती वाटत होती. मानसिंगच बोलता बोलता म्हणाला होता की एकतीस डिसेंबरला आणखी एक सेकंद वाढणार आहे. मग काय, त्या वेळी मी माझं घड्याळ एकाऐवजी दोन सेकंद थांबवायचं. कुणाला कळणार? वहीत खाडाखोड नाही, कार्डाला भोक आहे, ऑर्डर हातात आहे आणि पुढच्या सगळ्या नोंदी चोख. ऑगस्टचा एक धक्का तेवढा चुकीच्या जागी राहील. डोंगरात धक्के रोज थोडेच बसतात, देवकाठीला दुसरा बसेलच असं कुठं आहे? असा मी स्वतःशी घासाघीस करत कराडपर्यंत आलो. अब्बांचा चेहरा आठवला, पेढे वाटताना दिसले. बरं वाटलं. मग मला घाम यायला लागला, नोव्हेंबरात, खिडकीशी. उंब्रज मागं पडल्यावर मी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजायला लागलो. मला मोजण्याची सवय नव्हती हे सांगितलंच आहे. पहिला दगड एका वडाखाली होता. दुसऱ्यापर्यंत उसाच्या चार गाड्या लागल्या. तिसऱ्याला शाळा सुटत होती. चौथ्याआधी एक अख्खं गाव येऊन गेलं, त्यातल्या एका ओट्यावर म्हातारी पाय पसरून गोधडी शिवत होती. पाचव्याला गाडीनं हॉर्न दिला. सहावा दगड येईतो कितीतरी मिनिटं गेल्यासारखी वाटली. सहा वर्षं मी सेकंदाचे शंभर तुकडे करत आलो होतो, आणि एक सेकंद किती मोठा असतो, त्यात किती माणसं राहतात, हे मला माहीत नव्हतं.

साताऱ्याला उतरलो तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पोस्टात जाऊन सांगलीला अर्जंट ट्रंक कॉल लावला. बाकावर बसलो. समोर भिंतीवर पोस्टाचं घड्याळ होतं, दीड मिनिट तरी मागं असावं, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. पाचला गाडी. चार चाळीसला खिडकीतल्या बाई म्हणाल्या की सांगलीची लाईन मिळत नाहीये. मी बरं म्हणालो. लाईन नाही मिळाली तर बरं, असंही मला एका क्षणी वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हणजे मी प्रयत्न केला होता असं झालं असतं. चार त्रेपन्नला त्यांनी माझं नाव पुकारलं.

"मानसिंग, मी मोहिद्दीन. गाडी गेली?"

"निघतेच आहे. का हो?"

"माझं कार्ड बदला. चौतिसाव्या रकान्यात भोक नको. मी घड्याळ थांबवलं नव्हतं."

तारेत वारा सुटल्यासारखा आवाज येत राहिला. "अहो पण वहीत एक जुलैची नोंद शून्य शून्य दोन आहे," मानसिंग म्हणाला. "त्यावर साहेबांची सही झालीय."

"नोंद चूक आहे."

"चूक कुणी म्हणायचं?"

"मी म्हणतोय. माझं नाव घालून लिहा."

"उद्या तुमची ऑर्डर निघायची होती, साहेब."

"माहीत आहे."

मध्येच ऑपरेटर बाईंचा आवाज आला, तीन मिनिटं संपत आली. मानसिंग "थांबा" म्हणाला, रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग लांबून, पंचिंगच्या यंत्राचे आवाज ऐकू आले. मी डोळे मिटून ऐकत होतो. ते यंत्र माझ्या ओळखीचं नव्हतं, तरी एका जागी ते भोक न पाडता पुढं सरकलं हे मला कळलं असं वाटलं. कदाचित नसेलही कळलं. माझ्या कानाबद्दल मी काही बोलू नये. मानसिंग परत आला, "कोरं ठेवलंय," एवढं म्हणाला, आणि लाईन तुटली.

बाहेर आलो तर पाय हलके झाले होते. मेढ्याची शेवटची एसटी गेलेली होती. एक ओळखीचा ट्रकवाला तिकडंच निघाला होता, त्यानं हाक मारली, "येताय का मास्तर?" मी नको म्हणालो. दिवसभर पोटात काही नव्हतं. स्टँडजवळच्या खानावळीत तीन भाकरी खाल्ल्या, वर ताक प्यालो, आणि शेजारच्या लॉजवर खाट घेतली. मी चांगला माणूस आहे असं मला वाटत होतं. नोकरी जाईल तर जाईल, अब्बांना काय सांगायचं ते बघू. पण खरं ते सांगून टाकलं होतं, वेळेच्या सात मिनिटं आधी. आठ वाजता डोळा लागला तो सकाळी सहालाच उघडला. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

पहिल्या गाडीनं मेढ्याला उतरलो आणि चालायला लागलो. केंद्राची वाट देवकाठीवरूनच जाते. लालासाहेब, रिटायर झालेले हवालदार, ओट्यावर उभे राहून मिसरीनं दात घासत होते. त्यांनी हात वर केला, मीही केला. मला नऊच्या आत वर पोचायचं होतं, कारण नऊला दिल्लीचे ठोके मिळवायचे होते. घाईघाईनं चढलो. वर राहीबाई चुलीपुढं पीठ मळत होत्या. त्या जांभूळमुऱ्याच्या. सहा वर्षं माझं जेवण त्याच करतात, नवरा मुंबईला गिरणीत. "झालासा का कायम?" त्यांनी विचारलं. मी हातानंच थांबा म्हणालो, रेडिओ लावला, आणि या वेळी मिनिटाच्या लांब ठोक्याची वाट बघितली, काट्याकडे टक लावून, बोटं मोडत, साठपर्यंत. एक सेकंद. बरोबर एक सेकंद पुढं. मी बटण दाबून घड्याळाचा एक ठोका रोखला, सोडलं, पुन्हा पूर्ण मिनिट मोजलं आणि नव्या वहीत सगळं लिहिलं. मग राहीबाईंपुढं येऊन बसलो.

"कायम होणार नाही बहुतेक," मी म्हणालो. "आणि राहीबाई, तुमचं गावही हलणार नाही. जागा चुकली होती. माझं घड्याळ एक सेकंद पुढं होतं."

"येक शेकंद म्हंजी किती वं?"

मी जमिनीवर बोट दोनदा वाजवलं. "ह्या आवाजापासून त्या आवाजापर्यंत."

त्या माझ्या बोटाकडं बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "माझ्या घराचं आडं काढून मी देवकाठीच्या माळाव आनून टाकलंया," त्या म्हणाल्या. "वासं बी आनल्यात. आता ते माघारी न्यायाचं. आन् पानी पुन्यांदा दोन कोसावनं. औंदा आमच्याकडं झरा बी न्हाई." आवाज तक्रारीचा नव्हता, कामं आठवत होत्या. पिठाचा गोळा त्यांनी एकदा उलटा केला. "मग त्ये हाललं कुठनं?"

"देवकाठीखालून."

"खालच्यास्नी सांगिटलंसा?"

"रिपोर्ट येईल. मग मामलेदार येऊन सांगतील. महिनाभर लागेल."

"आवं, पर तुमी आत्ता तितनंच वर आलासा न्हवं?"

खरंच तिथूनच वर आलो होतो. लालासाहेबांना हात करून. माझ्या मनात त्या वेळी नऊचे ठोके होते, वही होती, आणि काल मी फोनवर किती नीट बोललो ते होतं. राहीबाईंनी पिठावर ताटली झाकली, चुलीतली लाकडं ओढून विझवली, पदराला हात पुसले आणि "चला" म्हणाल्या. लोक मारतील असं माझ्या तोंडून निघालं. "मी हाय की संगं," त्या म्हणाल्या आणि माझ्याआधी उतरायला लागल्या.

मारुतीपुढं वीसेक माणसं जमली, मग आणखी आली. बायका उंबऱ्यातून ऐकत होत्या. सप्टेंबरात मी ज्या पायरीवर उभा राहून कागद वाचला होता तिथं उभं राहायचा धीर झाला नाही, म्हणून खालीच उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. घड्याळ, सेकंद, सहा किलोमीटर. तुम्ही म्हणत होता तेच खरं होतं, पायाखालूनच धक्का आला होता, असं म्हणालो. आजपासून घरात निजू नका, निदान पुण्याचा कागद येईपर्यंत, असंही म्हणालो. मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. कुणीच ओरडलं नाही. एक बाई आत जाऊन पाळण्यातलं मूल काखेला मारून घेऊन आली आणि पुन्हा उंबऱ्यात उभी राहिली, उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला. लालासाहेब पुढं आले. पलटणीतला माणूस, ताठ, आवाज न चढवता विचारणारा.

"चुकी हुती. मानसाकडनं व्हती चुकी," ते म्हणाले. "तवा तुमास्नी ठाव न्हवतं. आता ठाव झालं. कवा झालं?"

"काल."

"काल कवा?"

"सकाळी अकरा वाजता. सांगलीत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या घरांकडं, ओळीनं, एकेक दार मोजत असल्यासारखं. बाजूला राहीबाई उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली.

"म्हंजी काल रातच्याला," लालासाहेब म्हणाले, "आमी पोरंबाळं घिऊन घरात निजलो, तवा तुमास्नी ठाव हुतं."

"हो," मी म्हणालो.